स्वदेशटीकेतील ‘आपण’ : राजवाडे, साने गुरुजी आणि नेमाडे यांच्या संदर्भात

स्वतःच्या देशावर टीका करणारा लेखक देशभक्त मानावा की दांभिक, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात वरचेवर उपस्थित होतो. ‘शतपत्रे’ शिकवताना तो येतो, ‘हिंदू’ शिकवताना येतो. आणि ज्यांच्या देशभक्तीविषयी कोणाच्याही मनात किंतु नसतो, त्या साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण सांगू लागले म्हणजेही येतो. आक्षेप बहुधा दोन प्रकारचे असतात. एक असा की, टीका करणारा स्वतः त्याच समाजात वाढलेला, त्याच समाजाचे लाभ घेणारा; मग त्याला बोलण्याचा अधिकार कोणता? दुसरा असा की, अशा टीकेने परक्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. पहिला आक्षेप दांभिकतेचा, दुसरा द्रोहाचा. दोहोंचे एक लक्षण मात्र समान आहे. टीकेतील विधान खरे की खोटे, याची चौकशी दोन्हींत होत नाही. पहिला आक्षेप बोलणाऱ्याकडे पाहतो, दुसरा ऐकणाऱ्याकडे. विधान मध्ये तसेच पडून राहते.

या प्रश्नाचा विचार करताना मराठी भाषेने एक साधन आपल्या हाती दिलेले आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणाऱ्याचा समावेश नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. इंग्रजीत नाही, आणि प्रमाण हिंदीतही तो ठळकपणे नाही. त्याचा उगम द्राविडी संपर्कात शोधणारे भाषाभ्यासकही आहेत. परंतु येथे महत्त्वाचे आहे ते ‘आपण’चे दुसरे अंग. हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीयपुरुषी म्हणूनही वापरले जाते. ‘आपण सुधारले पाहिजे’ हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारले जाते तेव्हा त्यातील ‘आपण’ म्हणजे बोलणाऱ्यासह सर्व, की केवळ समोर बसलेले, हे वाक्यावरून ठरत नाही. स्वदेशटीकेतील दांभिकता नेमकी या फटीत शिरते. वरवर समावेशक दिसणारा ‘आपण’ आतून ‘तुम्ही’ असतो.

तेव्हा प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की स्वदेशटीका देशभक्तीची की दांभिकतेची हे ठरविताना टीकेची तीव्रता, तिची वेळ किंवा टीकाकाराची उपजीविका यांपेक्षा त्या टीकेतील ‘आपण’ कोणापर्यंत पोहोचतो, आणि त्या ‘आपण’ची किंमत कोण मोजतो, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. या कसोटीलाही मर्यादा आहे; तिचा विचार पुढे केला आहे. उदाहरणे मुख्यतः खानदेशातील घेतली आहेत. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांशी निगडित असलेल्या तीन लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न तीन निरनिराळ्या रूपांत उभा राहतो, हे त्याचे कारण.

१

खानदेशाकडे वळण्यापूर्वी या वादाची पुण्यातील पूर्वपीठिका लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्वांनी ती वारशाने घेतलेली आहे. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली, त्यांत स्वसमाजावर, विशेषतः ब्राह्मणवर्गावर, कठोर टीका आहे. लेखक स्वतः ब्राह्मण, आणि इंग्रज सरकारच्या नोकरीत चढत गेलेला. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे लोकहितवादींवर जो हल्ला केला, त्याचा गाभा हाच आहे, की हे लेखन स्वकीयांची निंदा आणि परकीयांची स्तुती करणारे आहे आणि त्याने समाजाचा स्वाभिमान खचतो. मालेच्या अखेरीस आलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘आमच्या देशाची स्थिती’ असे आहे. तो पुढे इंग्रज सरकारने जप्त केला, ही बाब चिपळूणकरांच्या देशभक्तीचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही.

परंतु उपजीविकेचा मुद्दा दोन्ही बाजूंना लागू पडतो, हे सहसा सांगितले जात नाही. ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा चिपळूणकर स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी त्यांनी सोडली ती काही वर्षांनी. लोकहितवादींच्या पगारावरून त्यांच्या टीकेची किंमत ठरवायची असेल, तर मालेच्या बऱ्याच अंकांचीही तशीच ठरवावी लागेल. अर्थात तसे करण्यात काही हशील नाही. पगार कोणाचा, यावरून वाक्य खरे किंवा खोटे होत नाही.

सर्वनामांकडे पाहिले तर मात्र दोघांतील अंतर स्पष्ट होते. लोकहितवादींच्या पत्रांत ‘हिंदू लोक’, ‘ब्राह्मण लोक’ अशी तृतीयपुरुषी योजना वारंवार येते. लेखक एखाद्या टेकडीवर उभा राहून खालचे गाव दाखवीत आहे, असा भास होतो. चिपळूणकरांचा ‘आमच्या’ हा शब्द आपुलकीचा आहे, पण तोही काटेकोर अर्थाने ‘आपल्या’ नव्हे. तो परकीयांना उद्देशून आहे, आणि त्यात नेमके कोण येतात हे फुल्यांविषयी त्यांनी जे लिहिले त्यावरून कळते. एकाच्या टीकेत स्वतःला वगळलेले आहे आणि दुसऱ्याच्या अभिमानात इतरांना वगळलेले आहे. लोकहितवादींविषयी आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. ज्या पत्रांत त्यांनी स्वजनांना दोष दिला, त्याच पत्रांत या देशातील लोकांनी पार्लमेंट मागावे अशी कल्पनाही मांडलेली आहे. टीका आणि मागणी एकाच लेखणीतून आलेल्या आहेत. निव्वळ निंदक असता तर त्याला लोकांच्या राज्यकारभाराची पात्रता दिसली नसती.

२

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाला, आणि लगेच पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात स्थापन झाले. त्यांचे दप्तर तेथे जपले गेले, म्हणून राजवाडे जन्माने कोठलेही असले तरी त्यांच्या वारशाची जबाबदारी खानदेशाकडे आलेली आहे.

राजवाड्यांच्या स्वदेशाभिमानाविषयी संशय घेण्यास जागा नाही. इंग्रजी शिक्षण घेऊनही त्यांनी आपले संशोधन मराठीतच लिहिण्याचा आग्रह धरला. परदेशी विद्वानांपर्यंत ते पोहोचणार नाही याची खंत बाळगली नाही. असा माणूस स्वसमाजावर टीका करतो तेव्हा ‘परक्यांच्या हाती कोलीत’ हा आक्षेप सपशेल गळून पडतो. ज्याला परका वाचूच शकणार नाही अशा भाषेत तो लिहीत असतो. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात त्यांनी पानिपतच्या पराभवाची जी मीमांसा केली, ती याच प्रकारची आहे. पराभवाचे खापर अब्दालीच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे होते. राजवाड्यांनी तो मार्ग घेतला नाही. दोष त्यांनी घरात शोधला.

येथे एक पाऊल थांबणे जरूर आहे. घरात म्हणजे कोणाच्या खोलीत? पानिपतच्या मीमांसेत राजवाड्यांचा रोष मल्हारराव होळकर व गोविंदपंत बुंदेले यांच्यावर अधिक आहे, आणि सदाशिवरावभाऊंविषयी त्यांची भूमिका समर्थनाची आहे. पुढील संशोधकांनी या वाटणीवर आक्षेप घेतले. मराठ्यांच्या पराभवाचा दोष मराठ्यांनाच देणे ही आत्मटीका झाली. परंतु तो दोष मराठ्यांतील ‘त्यांना’ देणे ही वेगळी गोष्ट आहे. कायस्थ प्रभूंविषयी राजवाड्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ (१९१८) लिहून उत्तर दिले. तो वाद वाचताना कळते, की त्या लेखनाने दुखावलेल्या वाचकाला त्यात आत्मटीका दिसतच नाही. दिसते ती एका जातीने दुसऱ्या जातीची केलेली मोजदाद. देश तोच, भाषा तीच, पण ‘आपण’ मध्येच तुटलेला.

याच राजवाड्यांचे दुसरे लेखन पाहावे. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाविषयीचे त्यांचे लेखन मृत्यूनंतर ग्रंथरूपाने स्थिरावले. वेदवाङ्मय आणि महाभारत यांतील पुरावे घेऊन, आजची विवाहसंस्था सनातन नसून ती अत्यंत निराळ्या स्त्रीपुरुषसंबंधांतून हळूहळू घडत आली, असे त्यांनी दाखविले. पूर्वजांच्या पावित्र्याची ठरीव कल्पना ज्यांना प्रिय आहे त्यांना हे लेखन आजही पचत नाही. तरी त्यात कोणाही एका जातीला बाजूला काढलेले नाही. ज्या पूर्वजांविषयी ते बोलतात त्यांत लेखकाचे पूर्वज प्रथम येतात. पुरावाही मिशनऱ्यांच्या किंवा इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून घेतलेला नसून ज्या ग्रंथांना समाज प्रमाण मानतो त्यांतूनच घेतलेला आहे. एकाच लेखकाच्या दोन लेखनांना आपण दोन निरनिराळे निकाल देतो, याचे कारण हे आहे. माणसाला देशभक्त किंवा दांभिक अशी एकच चिठ्ठी लावण्याची आपली सवय वाङ्मयाभ्यासात फारशी कामाची नाही. चिठ्ठी लावायचीच तर ती परिच्छेदापरिच्छेदाला लावावी.

जे राजवाड्यांत अभिप्रेत आहे ते १९२७ च्या एका प्रकरणाने अधिक उघड होते. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ त्या वर्षी प्रसिद्ध झाले. बालविवाह, अस्वच्छता, अस्पृश्यता या ज्या गोष्टी तिने लिहिल्या त्या आगरकरांनी ‘सुधारका’त चाळीस वर्षांपूर्वी याहून कडक शब्दांत लिहिल्या होत्या, त्यापायी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्राही काढली गेली. गांधीजींनी मेयोच्या पुस्तकाला गटारे तपासणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली आणि त्याच लेखात, भारतीयाने मात्र ते वाचण्यात लाभ आहे, असेही सुचविले. ही दुटप्पी भूमिका नव्हे. विधाने तीच असली तरी मेयोच्या वाक्यांचा निष्कर्ष ‘म्हणून यांना स्वराज्य देऊ नये’ असा होता, आणि आगरकरांच्या वाक्यांचा ‘म्हणून आपण हे टाकले पाहिजे’ असा. वाक्याच्या पुढे येणारे ‘म्हणून’ काय मागते, हे वाक्याइतकेच महत्त्वाचे असते.

३

साने गुरुजींचे प्रकरण अधिक विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण त्यांच्या बाबतीत आपल्या शिक्षणव्यवस्थेने एक सोयीस्कर विभागणी करून ठेवलेली आहे. पाठ्यपुस्तकातले साने गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’ आणि भारतमातेची गाणी. त्यांच्या टीकेचा भाग चरित्राच्या तळटिपेत जातो.

पांडुरंग सदाशिव साने कोकणातील पालगडचे. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी ते अमळनेरला आले, आणि १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. सविनय कायदेभंगात नोकरी सोडल्यावर त्यांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवले गेले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्यास होते. त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी त्या तुरुंगात गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यामुळेच आपल्याला मिळाला. १९३५ मधील ‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह त्यातील देशभक्तीपर कवितांमुळे इंग्रज सरकारने जप्त केला. देशभक्तीचे याहून अधिक प्रमाणपत्र कोणाकडे असणार?

आता ‘भारतीय संस्कृती’ (१९३७) पाहावे. नाव वाचून स्तोत्राची अपेक्षा करणाऱ्या वाचकाला हे पुस्तक चकविते. त्याचा आरंभ अद्वैताच्या विवेचनाने होतो, आणि ज्या देशाने सर्व चराचरात एकच तत्त्व पाहिले त्याच देशाने माणसाला अस्पृश्य ठरविले, ही विसंगती गुरुजी लगेच पुढे ठेवतात. मापदंड बाहेरून आणलेला नाही, हे त्यांच्या टीकापद्धतीचे वैशिष्ट्य आहे. लोकहितवादी स्वसमाजाला पुष्कळदा इंग्रजांच्या मापाने मोजतात. गुरुजी त्याला त्याच्याच सर्वोच्च वचनाने मोजतात. असे मोजमाप अधिक झोंबते, कारण ‘हे आमचे नव्हे’ असे म्हणून ते झटकता येत नाही. त्यांच्या गद्यातील भावविवशता, पुनरुक्ती आणि उद्गारचिन्हांची गर्दी समीक्षकांना खटकते आणि ती खटकण्यासारखी आहेही. परंतु अश्रूंच्या त्या पडद्यामागे असलेला तर्क पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

स्वकीयांच्या सरकारविषयीही त्यांचे वर्तन असेच राहिले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशात फैजपूर येथे भरले आणि त्यासाठी गुरुजी राबले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले, आणि ज्यांची पिके हातची गेली त्या शेतकऱ्यांना करमाफी मिळावी म्हणून ते झटू लागले. ‘काँग्रेस’ नावाचे पत्र, काँग्रेसचे सरकार, आणि त्या सरकारकडे खानदेशातील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडणारा काँग्रेसचा कार्यकर्ता, अशी ही स्थिती आहे. सरकार, पक्ष आणि देश यांची गल्लत करून देशभक्ती म्हणजे सरकारभक्ती असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावे. गुरुजींना त्यात विसंगती वाटली नाही. ज्याच्यासाठी सरकार आणले त्याची बाजू सरकारपुढे मांडणे, हा त्यांच्या लेखी त्याच कामाचा पुढचा भाग होता.

पंढरपूरच्या उपोषणाला १ मे १९४७ रोजी प्रारंभ झाला. त्यापूर्वी काही महिने मंदिरप्रवेशाच्या प्रचारार्थ गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला होता. दिनांकाकडे लक्ष द्यावे. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आले होते. फाळणीचे सावट पडले होते. ‘ही वेळ नव्हे’ हा युक्तिवाद ज्या क्षणी सर्वाधिक बळकट असावा तो हा क्षण. उपोषणाला केवळ सनातन्यांचा विरोध होता असेही नाही. स्वतः गांधीजींनी प्रारंभी उपोषण सोडण्याविषयी तारेने कळविले होते, आणि गुरुजींनी ते मानले नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात त्याच वर्षी झाला. तेव्हा कायद्याने जे होणारच होते त्यासाठी प्राण पणाला लावण्याचे कारण काय, असेही विचारता येईल. याचे उत्तर गुरुजींच्या भूमिकेतच मिळते. कायदा दरवाजा उघडू शकतो. पण तो उघडणारा हात कोणाचा, या प्रश्नाला त्यांच्या दृष्टीने महत्त्व होते. जो देश लवकरच स्वतंत्र म्हणवून घेणार होता त्याने आपल्याच माणसांना आपल्याच देवापासून दूर ठेवलेले असावे, हे त्यांना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असह्य झाले. म्हणून ‘ही वेळ नव्हे’ या युक्तिवादाच्या नेमके उलट, हीच वेळ, असे ते मानीत. ग. वा. मावळंकरांच्या मध्यस्थीने बडव्यांनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि उपोषण सुटले.

या घटनेत ‘आपण’ची किंमत कोणी मोजली, हे निराळे सांगावयास नको. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, मंदिरात केव्हाही जाऊ शकणाऱ्या माणसाने दोष स्वतःकडे घेऊन स्वतःचे अन्न सोडले. त्यांचा ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ नव्हता. उपोषणात समोरच्यावर दबाव येतो, तो एक प्रकारचा बलप्रयोगच असतो, हा आक्षेप मात्र खोडून काढता येणार नाही. गांधीजींच्या उपोषणांवरही तो घेतला गेला आहे. उपोषणावर दबावाचा आरोप करता येईल. दांभिकतेचा करता येणार नाही.

तरीही गुरुजींच्या ‘आपण’विषयी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो त्यांच्या चरित्रकारांनी सहसा विचारलेला नाही. ज्यांच्यासाठी पंढरपूरचे दार उघडायचे होते त्यांना आत यायचे होते काय? नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर मंदिरप्रवेश हे त्यांच्या चळवळीचे ध्येय उरले नव्हते. येवले खानदेशाच्या सीमेपासून दूर नाही. गुरुजींनी ‘आपण’चे वर्तुळ प्रेमाने मोठे केले, परंतु त्या वर्तुळात ज्यांना बोलावले त्यांच्यापैकी पुष्कळांनी एव्हाना दुसरी वाट धरली होती.

४

येथे आपल्या कसोटीची मर्यादा दिसते. टीकाकाराने ‘आपण’ म्हणावे, ही अपेक्षा ज्याला ‘आपण’मध्ये कधी घेतलेच नाही त्याच्याकडून करता येत नाही. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. मराठी ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला १८८५ मध्ये त्यांनी जे नकाराचे पत्र पाठविले, त्याचा आशय असा, की ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाला स्थान नाही त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करावे. तेथे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ही विभागणी फुल्यांनी निर्माण केलेली नाही. असलेली विभागणी त्यांनी फक्त उच्चारली. १९३१ मध्ये मुंबईत गांधीजींशी झालेल्या पहिल्याच भेटीत डॉ. आंबेडकरांनी, आपल्याला मायभूमीच नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. हे उद्गार काढणारा माणूस पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. त्या वाक्याला देशद्रोह म्हणणे जसे हास्यास्पद, तसेच त्याला आत्मटीका म्हणणेही चुकीचे. ती ‘आपण’मध्ये घेण्याची मागणी होती, आणि ती देशाकडून येणे असलेल्या रकमेसारखी होती.

जळगावच्या वाङ्मयीन इतिहासात या मागणीचा एक टप्पा नोंदला गेला आहे. १९८४ मध्ये जळगावला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात होते. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाचा लेखक, फुल्यांनी ज्या परंपरेच्या सभेला जाण्यास नकार दिला होता त्या परंपरेच्या व्यासपीठावर, फुल्यांच्या पत्रानंतर ९९ वर्षांनी अध्यक्ष म्हणून बसला. दलित आत्मकथने ‘समाजाची बदनामी करतात’ असा आक्षेप त्या दशकात सवर्णांकडून येई आणि क्वचित लेखकाच्या स्वतःच्या वस्तीतूनही येई. दुसऱ्या आक्षेपाकडे दुर्लक्ष होऊ नये. वस्तीतल्या माणसाला वाटे, की आपल्या घरातले दारिद्र्य आणि भांडणे लेखकाने शहरी वाचकाला विकली. ‘परक्यांच्या हाती कोलीत’ हाच तो आक्षेप. फक्त येथे परका म्हणजे पुण्या-मुंबईचा पांढरपेशा वाचक. म्हणजे देशाच्या पातळीवर जो वाद आहे तो वस्तीच्या पातळीवरही तसाच्या तसा उभा राहतो.

आपल्याकडील अहिराणी बोलणाऱ्या घरांतही याचे एक फिके रूप आढळते. शिकून प्रमाण मराठी बोलू लागलेला पदवीधर गावच्या बोलीला आणि चालीरीतींना नावे ठेवू लागतो तेव्हा तो सुधारक होतो असे त्याला वाटते. गाव मात्र त्याला एका शब्दात ओळखते. त्याच्या टीकेत पुष्कळ तथ्य असते, पण ती टीका करून तो गावाबाहेर पडलेला असतो.

५

भालचंद्र नेमाडे यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. १९३८ मध्ये यावल तालुक्यातील सांगवी येथे जन्मलेल्या नेमाड्यांनी ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकराला खानदेशातून पुण्याला पाठविले आणि परत आणले. शहर, महाविद्यालय, वाङ्मयीन प्रतिष्ठा या सर्वांची त्या कादंबरीत जी दशा होते ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु परत आल्यावर गावही सांगवीकराच्या तावडीतून सुटत नाही, आणि सर्वांत कमी सुटतो तो स्वतः सांगवीकर. या एका कारणाने ‘कोसला’तील उपहास तुच्छतेत उतरत नाही. आपल्या पिढीची टर उडविणारा निवेदक त्या पिढीचा सर्वांत निकामी नमुना म्हणून स्वतःलाच सादर करतो.

पुढे देशीवादाचा पुरस्कार करणाऱ्या नेमाड्यांवर दांभिकतेचा आरोप झाला तो वेगळ्या दिशेने. इंग्रजीचे अध्यापन हा व्यवसाय, लंडनला शिकविण्याचा अनुभव, आणि मुखी इंग्रजीच्या वर्चस्वावर टीका. हा आक्षेप लोकहितवादींच्या पगारावर घेतलेल्या आक्षेपाचाच नातू आहे. मागल्या दाराने बाहेर पडलेल्या माणसालाच मागले दार कोठे आहे हे नेमके सांगता येते. इंग्रजीचे वर्चस्व किती खोल गेले आहे हे जितके इंग्रजीच्या प्राध्यापकाला कळेल तितके इतरांना कळणे कठीण. आक्षेप घ्यायचाच तर तो निराळ्या ठिकाणी घ्यावा. देशी परंपरेचा जो ‘आपण’ नेमाड्यांच्या समीक्षेत गृहीत धरलेला दिसतो, त्यात स्त्रिया व दलित यांचे स्थान नेमके काय, हा प्रश्न विचारणारे विचारीत आले आहेत आणि तो उपजीविकेच्या प्रश्नापेक्षा कितीतरी योग्य आहे.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या शीर्षकावरच एका कार्यशाळेचा दिवस खर्ची पडावा. ‘अडगळ’ या शब्दावर अनेकांनी राग धरला. ‘समृद्ध’ हे विशेषण त्यांनी वाचले नाही. उलट, काही पुरोगामी वाचकांनी ‘समृद्ध’वर आक्षेप घेतला आणि ‘अडगळ’वर समाधान मानले. खानदेशातील जुन्या वाड्यातील माळा ज्याने पाहिला आहे त्याला हे दोन शब्द परस्परविरोधी वाटणार नाहीत. पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला नायक खंडेराव वडिलांच्या अखेरच्या आजारपणात गावी परततो. उत्खननाच्या शिस्तीत तयार झालेली त्याची नजर घराच्या आणि जातीच्या थरांवरून फिरते, पण त्या थरांचा वारसदारही तोच आहे. अडगळीवर टीका करणारा माणूस ती आवरण्याच्या जबाबदारीतून सुटलेला नाही. लोकहितवादींची टेकडी येथे उरलेली नाही. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना मिळाला तेव्हा देशाने आपल्याच टीकाकाराचा गौरव केला अशी भाषा वृत्तपत्रांना वापरता आली असती. बहुतेकांनी मराठीचा गौरव एवढेच म्हटले आणि ते अधिक सुरक्षित होते.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना येथे करावीशी वाटते. ‘स्वदेशटीका : देशभक्ती की दांभिकता’ असा निबंधवजा प्रश्न विचारण्याऐवजी विद्यार्थ्यांना एखादे पान देऊन त्यातील प्रत्येक ‘आम्ही’, ‘आपण’, ‘हे लोक’ अधोरेखित करावयास सांगावे आणि प्रत्येक सर्वनामात लेखक स्वतः आहे किंवा नाही हे समासात लिहावयास लावावे. ‘शतपत्रां’तील एक पत्र, ‘भारतीय संस्कृती’तील अद्वैतावरील विवेचन आणि ‘हिंदू’मधील एखादे प्रकरण असे तीन उतारे त्यासाठी पुरेत. उतारा पुढे सरकतो तसे लेखक वर्तुळात शिरताना आणि बाहेर पडताना दिसू लागतात, आणि ‘याला बोलण्याचा अधिकार काय’ या प्रश्नाऐवजी ‘या वाक्यात हा कोठे उभा आहे’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेर येथे ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच सुमारास त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनाचाही मांडव पडला होता. गुरुजींच्या गावातील या दोन मंडपांत मराठी समाजाविषयी जे बोलले गेले त्यात ‘आपण’ कोठपर्यंत पोहोचला, आणि कोणत्या मंडपात त्याने दुसऱ्या मंडपातील श्रोत्यांनाही कवेत घेतले, हा एखाद्या लघुप्रबंधाचा विषय होऊ शकेल. साधने अद्याप विस्कळीत होण्यापूर्वी आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने तो हाती घ्यावा.